झाडांनाही रात्र हवी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की यवतमाळ शहराचे रूप पालटते. दुर्गोत्सवासाठी कोलकात्याच्या खालोखाल आपल्या यवतमाळचे नाव घेतले जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आर्णी, दारव्हा, दिग्रस, घाटंजी, पांढरकवडा अशा गावांहून माणसे येतात आणि मध्यरात्रीपर्यंत देखावे पाहत हिंडतात. मूर्तीइतकीच वाहवा होते ती रोषणाईची. कमानी, फिरती चक्रे, मांडवाच्या कनातींवर पळणारे रंगीत दिवे हे सारे जुनेच आहे. गेल्या काही वर्षांत मात्र त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. चौकात किंवा रस्त्याच्या कडेला जे झाड हाताशी येईल, मग तो कडुनिंब असो की पिंपळ, त्याच्या खोडाला बुंध्यापासून फांद्यांपर्यंत दिव्यांच्या माळा गच्च गुंडाळायच्या. लांबून पाहिले तर झाड जणू उजेडाचेच बनले आहे असे वाटते. दिसते सुंदर, यात शंका नाही.

माझा रोषणाईला विरोध नाही. उत्सवात उजेड हवाच, आणि ज्या कारागिरांचे पोट या धंद्यावर चालते त्यांचे काम बंद पडावे असे कोणीही म्हणणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. माळ बांधायला जिवंत झाडच कशाला हवे? खांब का नको? मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरीही या प्रश्नात पडण्याचा मला थोडा हक्क आहे असे वाटते, कारण याचे निम्मे उत्तर पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

आधी काही लंगडे मुद्दे बाजूला काढू. ‘दिव्यांच्या उष्णतेने झाड भाजते’ असे पुष्कळ लोक म्हणतात. जुन्या तंतूच्या बल्बांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. त्या बल्बला दिलेल्या विजेपैकी फारच थोडा भाग प्रकाशात उतरत असे, बाकी सारी उष्णता. पानाला टेकलेला असा बल्ब पान करपवून टाकी. पण आजच्या माळा एलईडीच्या, म्हणजे प्रकाश उत्सर्जक डायोडच्या आहेत. त्यातला एक मणी बोटाला जेमतेम कोमट लागतो. तेव्हा उष्णतेचा मुद्दा आता फारसा टिकत नाही. दुसरा मुद्दा, ‘झाडाला झोप लागत नाही, त्याला त्रास होतो’ हा. यात कळकळ आहे, पण झाडाला मेंदू नाही आणि आपल्यासारखी झोपही नाही. चुकीच्या कारणासाठी केलेली योग्य मागणी सहज खोडून काढता येते. म्हणून कारण नीट समजून घेतले पाहिजे.

प्रकाश किती दूर आहे यावर तो किती पडतो हे ठरते. अंतर दुप्पट केले तर प्रकाश चौथाई होतो, तिप्पट केले तर नववा भाग होतो. हाच व्यस्त वर्गाचा नियम. आता थोडा हिशेब करू. मेणबत्तीच्या ज्योतीची दीप्ती साधारण एक कँडेला धरतात. एक कँडेलाचा दिवा एक मीटरवरच्या पृष्ठभागावर एक लक्स इतका प्रकाश पाडतो. माळेतला एक मणी मेणबत्तीच्या दहावा हिस्साच तेजस्वी आहे असे समजा. हा मणी दहा मीटर उंच खांबावर लावला तर खालच्या पानावर एक लक्सचा हजारावा भाग इतकाच प्रकाश पडेल. तोच मणी फांदीला गुंडाळला आणि पान त्याच्यापासून पाच सेंटिमीटरवर असले, तर? दहा मीटर म्हणजे पाच सेंटिमीटरची २०० पट. दोनशेचा वर्ग चाळीस हजार. म्हणजे पानावर पडणारा प्रकाश चाळीस हजार पटींनी वाढून ४० लक्स होतो.

हे ४० लक्स म्हणजे किती? दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागरी येते. दूध आटवून ज्या चांदण्यात आपण गच्चीवर बसतो, ते स्वच्छ आकाशातल्या पूर्ण चंद्राचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. त्याच्या १६० पट प्रकाश, तोही एका क्षुल्लक मण्याचा, आणि असे मणी एका झाडावर हजारांनी असतात. वाणी किंवा विद्युत खात्याचा माणूस म्हणेल, ‘साहेब, केवढीशी ती माळ, अर्धा युनिटही वीज जाळत नाही.’ वीज थोडी जळते हे खरे. पण झाडाला विजेच्या बिलाशी कर्तव्य नाही, पानावर पडणाऱ्या प्रकाशाशी आहे, आणि तो वाढवण्याचे काम अंतराने केलेले असते. रस्त्यावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा अंगाला चिकटलेली छोटी माळ पानाच्या दृष्टीने अधिक प्रखर ठरू शकते.

एखादा हुशार विद्यार्थी इथे हात वर करील. झाडे प्रकाशावरच जगतात ना? मग रात्रीही थोडा प्रकाश मिळाला तर त्यांचा फायदाच नाही का? प्रश्न चांगला आहे. भर दुपारच्या उन्हात पानावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. ४० लक्स हा त्याचा अडीच हजारावा हिस्सा झाला. एवढ्या उजेडात पान जेवढी साखर तयार करील, त्याहून जास्त साखर ते श्वसनात खर्च करते. तेव्हा अन्न म्हणून या प्रकाशाची किंमत जवळजवळ शून्य आहे. पण प्रकाश झाडाला दोन प्रकारे मिळतो, अन्न म्हणून आणि निरोप म्हणून. शाळेची घंटा कोणाचे पोट भरत नाही, तरी ती वाजली की अख्खी शाळा दप्तरे उचलते. ती कोणी भलत्याच वेळी वाजवली तर काय गोंधळ उडेल याची कल्पना करा. निरोपाला फार शक्ती लागत नाही. योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोचला की पुरे.

हा निरोप काय असतो, याचा शोध लागायला सोयाबीन कारणीभूत झाले. आपल्या जिल्ह्यात कपाशीच्या जोडीला सोयाबीन आता किती पेरले जाते हे तुम्ही पाहताच. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या ‘बिलॉक्सी’ नावाच्या जातीचे बी थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने पेरले. आधी पेरलेली झाडे आधी फुलतील आणि नंतरची नंतर, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात लहानमोठी सगळी झाडे जवळजवळ एकाच सुमारास, सप्टेंबरात फुलली. वय वेगळे, फुलण्याची वेळ मात्र एक. तापमान, ओलावा, खत अशा एकेका कारणाची तपासणी केल्यावर शेवटी हाती लागले ते दिवसाच्या लांबीचे कारण. १९२० साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवस लहान होऊ लागला की झाडाला ऋतू बदलल्याचे कळते. वनस्पतींच्या या गुणाला फोटोपीरिऑडिझम, मराठी परिभाषेत दीप्तिकालिता, असे नाव आहे.

पुढची गंमत १९३८ साली कळली. हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर प्रयोग केले. शेताच्या बांधावरून चालताना ज्याची काटेरी बोंडे धोतराला आणि पायजम्याला चिकटतात, तेच हे तण. त्याला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. या दोघांनी दिवसाच्या मध्यावर काही वेळ अंधार केला. झाडावर काही परिणाम झाला नाही. मग त्यांनी लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटेच दिवा लावला. झाड फुलले नाही! याचा अर्थ असा की झाड दिवस मोजत नाही, ते रात्र मोजते, आणि ती सलग असावी लागते. मध्येच उजेड पडला की झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र राहत नाही, दोन आखूड रात्री होतात. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

ही मोजणी सुरू करून देणारे द्रव्य पानांत असते. त्याला फायटोक्रोम म्हणतात. बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे त्याचा छडा लावला. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की हे द्रव्य एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. सुमारे ७३० नॅनोमीटरच्या अतिलाल प्रकाशाने ते परत पहिल्या रूपात येते. अंधारात दुसरे रूप हळूहळू ओसरते. विजेच्या बटणासारखाच हा प्रकार आहे. बटण दाबायला बोटाचा जोर तो किती लागतो? तेव्हा ‘पांढऱ्याऐवजी लाल माळ लावू’ ही तडजोड कामाची नाही, उलट लाल प्रकाशाला हे बटण सर्वांत चटकन दाद देते. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी वेगळी द्रव्येही वनस्पतीत असतात. रंग बदलून सुटका नाही.

प्रयोगशाळेतल्या तणाचे हे झाले, शहरातल्या मोठ्या झाडांचे काय? एडविन मॅट्झके यांनी न्यूयॉर्क शहरातील झाडे पाहून १९३६ साली एक निबंध लिहिला. शिशिरात पानगळ सुरू झाली की रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या फांद्यांवरची पाने, त्याच झाडाच्या लांबच्या फांद्यांपेक्षा पुष्कळ उशिरा गळतात, असे त्यांना पॉपलर, विलो अशा झाडांवर आढळले. झाड एक, पण त्याच्या एका बाजूला अजून ऋतू बदललेला नव्हता! ब्रिटनमध्ये झाडांना पालवी फुटण्याच्या तारखांची छाननी झाली. रात्री अधिक उजेड असलेल्या भागांत पालवी साडेसात दिवसांपर्यंत लवकर फुटते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात तर सोयाबीनचेच पीक रस्त्यावरच्या दिव्यांजवळ हिरवेच राहते आणि उशिरा पक्व होते. आपल्या जिल्ह्यात ज्यांची शेते दिव्यांच्या रस्त्याला लागून आहेत, त्यांनी यंदा कापणीच्या वेळी धुऱ्याजवळच्या ओळी जरा निरखून पाहाव्यात.

आपल्याच राज्यातला आणखी मोठा पुरावा हवा असेल तर ड्रॅगन फ्रूटच्या बागा पाहा. निवडुंगाच्या जातीच्या या झाडाला फुलण्यासाठी आखूड रात्र हवी असते. सांगली-सोलापूरकडील काही शेतकरी हिवाळ्यात या बागांमध्ये ओळीने दिवे टांगतात आणि रात्री काही तास ते लावून ठेवतात. झाडे फसतात, उन्हाळा आला असे समजतात आणि हंगामाबाहेर फुलतात. हरितगृहात शेवंती लावणारे नेमके उलटे करतात. शेवंतीला लांब रात्र हवी, म्हणून तिच्यावर रात्री दिवे लावून कळ्या धरणे लांबवायचे आणि सणाच्या बेताने दिवे बंद करायचे. शेतकरी हे समजून उमजून, हिशेब करून करतो. आपण चौकातल्या झाडावर तेच करतो, फक्त आपल्याला आपण काय करतो आहोत हे माहीत नसते.

नऊ रात्री माळ लावली म्हणून कडुनिंब मरतो असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटे ठरेल. दुर्गोत्सवातल्या मंडळांवर माझा रोख त्यामुळे कमीच आहे. खरी चिंता आहे ती बाराही महिने गुंडाळलेल्या माळांची. मंगल कार्यालये, उपाहारगृहे, बंगल्यांची फाटके, आणि ‘सुशोभीकरण’ या भारदस्त नावाखाली रस्तेच्या रस्ते. तिथे माळ एकदा चढली की उतरत नाही. झाडाला वर्षभरात एकही खरी रात्र मिळत नाही. दिवे स्वस्त झाले, वीज कमी लागू लागली, म्हणून ते विझवण्याचे कारणच उरले नाही. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवले होते. यंत्रे काटकसरी झाली की कोळसा वाचेल असे वाटते, प्रत्यक्षात तो अधिकच जळतो. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही रास्तच. पण स्वस्त प्रकाश कुठे लावू नये, हे ठरवण्याचे काम शोधकाचे नाही, आपले आहे.

माळेचा दुसरा उपद्रव प्रकाशाचा नाही, तारेचा आहे. झाडाचे अन्न पानांकडून मुळांकडे नेणारा थर, म्हणजे परिकाष्ठ, सालीच्या लगेच आत असतो. खोडाची जाडीही तिथेच वाढते. खोडाची त्रिज्या वर्षाला चार मिलिमीटरने वाढली असे धरा. परीघ किती वाढला? दोन गुणिले ३.१४ गुणिले चार, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. पाच वर्षांत साडेबारा सेंटिमीटर. पण खोडाभोवती करकचून बांधलेली लोखंडी तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी तसूभरही वाढत नाही. मग खोड तिच्याभोवती फुगते, तार सालीत रुतते आणि अन्नाची वाट अडवते. जुन्या झाडांच्या खोडांत अशा गिळलेल्या तारा आणि खिळे तुम्हांला सहज दिसतील. सर्पिलाकार गुंडाळलेली माळ थोडी सरकते, तिच्यामुळे एवढे नुकसान होत नाही. तिला जागच्या जागी ठेवण्यासाठी ठोकलेले खिळे आणि आवळलेले वेढे हे खरे अपराधी.

झाडावर राहणाऱ्यांचा विचार तर आपण करतच नाही. संध्याकाळी मैना आणि कावळे ज्या पिंपळावर गोंगाट करत उतरतात, तोच पिंपळ सात वाजता लुकलुकू लागला की ते जातात कुठे? पतंग आणि रात्रीचे कीटक दिव्याभोवती घिरट्या घालून दमतात. काजव्यांची गोष्ट सर्वांत करुण आहे. काजवा आपला जोडीदार शोधतो तो प्रकाशाच्या उघडझापीने. मे अखेरीस आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहायला लोक मुंबई-पुण्याहून जातात. आपल्या टिपेश्वरच्या किंवा पैनगंगेच्या जंगलाकडच्या गावांतल्या मुलांना पावसाळ्याच्या सुरुवातीचे काजवे वेगळे सांगायला नकोत. त्या झाडावर विजेची माळ लावली तर काजव्याची खूण वाचणार कोण?

आता विजेबद्दल दोन शब्द, कारण इथे प्रश्न झाडाचा नसून तुमच्या जिवाचा आहे. जुन्या माळेत साधारण ४० बल्ब एकसरीत जोडलेले असत. २३० व्होल्ट भागिले ४०, म्हणजे प्रत्येक बल्बच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट. स्वस्त एलईडी माळांतही बहुधा असेच कित्येक मणी एकसरीत असतात आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. यावरून पुष्कळ मुले, आणि मोठी माणसेही, असा तर्क करतात की ‘सहा व्होल्टचा तर दिवा, त्याने काय धक्का बसणार?’ हा तर्क घातक आहे. सहा व्होल्ट हा एका दिव्याच्या दोन टोकांमधला फरक आहे. तुमचे पाय मात्र जमिनीवर आहेत. फेजकडच्या पहिल्या दिव्याची तार उघडी पडली असेल तर तिचा जमिनीशी फरक जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टचा असतो. मधला एखादा दिवा तुटून माळ विझली असली तरी फेजकडची बाजू तशीच जिवंत राहते. विझलेली माळ निर्धोक असते हा समज त्यामुळे सोडून द्या. ओल्या शरीराचा रोध हजार ओहम धरला तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो २३० मिलिअँपिअर. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे घरातले यंत्र ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडते, यावरून धोका ओळखा. नवरात्रात परतीचा पाऊस येतोच. ओले खोड, सालीवर घासून सोललेली तार, आणि गर्दीत झाडाला टेकून उभी राहणारी पोरे! मांडवाच्या खांबाला निदान तपासणारा कोणी असतो, झाडाला कोणी नसतो.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. झाड तोडणे या शब्दांच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात धरले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांवरचे फलक आणि तारा काढण्यास सांगितले होते. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने झाडांवर गुंडाळलेली रोषणाई उतरवण्याच्या सूचना दिल्या आणि २०२४ साली हा विषय जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे अंधार ही जपण्याची वस्तू आहे हे विदर्भात आता कागदोपत्री मान्य झालेले आहे.

झाडावर विजेचे दिवे लावण्याची कल्पना मुळात आली कुठून? एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळच्या झाडाला लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. तेव्हापासून ही प्रथा जगभर पसरली. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ते झाड तोडून दिवाणखान्यात आणून उभे केलेले होते. त्याला ऋतू कळण्याची गरज उरली नव्हती. आपण दिवे उचलले, झाड मात्र जिवंत घेतले.

आणि खरे सांगायचे तर आपल्याला ही उसनवारी करण्याची गरज नव्हती. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांपुढची दीपमाळ पाहा. जेजुरीच्या खंडोबाच्या पायऱ्यांवर कितीतरी दीपमाळा आहेत. दगडी खोड, त्याला चोहो बाजूंनी फुटलेले दगडी हात, आणि प्रत्येक हातावर एक दिवा. त्रिपुरी पौर्णिमेला ती पेटली की झाडच उजळल्याचा भास होतो. ज्याने ती पहिल्यांदा घडवली त्याच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही, पण देवळाच्या आवारात वड-पिंपळ उभे असताना त्याने दिव्यांसाठी वेगळे झाड उभारले, आणि तेही दगडाचे.

तुमच्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते होतील. त्या वेळी रोषणाईवाल्याशी बोलताना तुम्ही त्याला एवढे सांगू शकाल की माळा बांबूच्या किंवा लोखंडी सांगाड्यावर चढव. असा झाडाच्या आकाराचा सांगाडा एकदा करून ठेवला की दर वर्षी कामी येतो आणि त्याला हव्या तितक्या फांद्या काढता येतात. त्यात कारागिराची मजुरी बुडत नाही, उलट एक काम वाढते. झाड मांडवाच्या अगदी मध्येच येत असेल आणि काही केल्या सोडवत नसेल, तर माळ गुंडाळू नका, दोरीने सैल टांगा, खिळा ठोकू नका, देखावे बंद झाले की बटणही बंद करा आणि विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी माळ उतरवा. हे शेवटचे काम नेहमी राहून जाते. चढवायला वीस पोरे येतात, उतरवायला एकही सापडत नाही.

यंदाच्या नवरात्रात करण्यासारखे एक निरीक्षण सुचवतो. चिंचेची पर्णिका दिवस मावळताना मिटते आणि सकाळी उघडते. १७२९ साली फ्रान्समधल्या द मेराँ यांनी लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने आपल्या वेळेवर मिटत-उघडत राहिली. म्हणजे झाडाच्या आत घड्याळ असते, आणि बाहेरचा उजेड-अंधार ते रोज लावून देतो. तुमच्या गावात दिव्यांच्या माळेजवळ आलेली चिंचेची फांदी शोधा. त्याच झाडाची दुसरी, अंधाऱ्या बाजूची फांदीही ठरवून ठेवा. घटस्थापनेच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे नऊ दिवस, संध्याकाळी सहा, सात आणि आठ वाजता दोन्ही फांद्यांवरची वीस-वीस पाने पाहा, त्यांतली किती पूर्ण मिटली, किती अर्धवट, ते वहीत तारखेसह लिहा. झाडावर चढू नका, माळेला हात लावू नका, खालूनच पाहा. घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर प्रकाश मोजण्याचे ॲप असेल तर अंधाऱ्या खोलीत माळेतला एकच मणी उघडा ठेवून पाच, दहा आणि वीस सेंटिमीटरवर आकडे घ्या आणि व्यस्त वर्गाचा नियम पडताळा. बाकीचे मणी काळ्या कागदाने झाका, नाहीतर हिशेब चुकेल. चिंच जवळपास नसेल तर शिरीषाचे झाड चालेल.